निसरडे पाणी : चिमूटभर पावडर आणि आपली उपसा पाइपलाइन

नदीकाठची मोटर शेतात पाणी चढवते तेव्हा ती दोन कामे करीत असते. एक काम डोळ्यांना दिसते. खालचे पाणी वर नेणे, ते हे. दुसरे काम दिसत नाही. पाणी पाइपातून पुढे जाताना पाइपाच्या अंगाशी आणि स्वतःशीच झगडत असते. त्या झगड्याचे बिल मोटर भरते, म्हणजे शेवटी आपणच भरतो.

सभासद बंधू-भगिनींनो, या दुसऱ्या कामाविषयी या अंकात जरा सविस्तर लिहावे असे आम्ही ठरवले. त्याला कारण झाले. आपल्या कार्यक्षेत्रातल्या काही गट उपसा योजनांच्या पाइपलाइनी जुन्या झाल्या असून त्या बदलण्याचे घाटत आहे. नेमक्या याच वेळी काही सभासदांनी शेतकी ऑफिसात येऊन विचारले, की पाण्यात टाकली म्हणजे पाणी 'निसरडे' होते आणि मोटरचा भार निम्म्यावर येतो अशी पावडर मिळते म्हणतात, ती खरी की नुसती थाप?

आम्ही चौकशी केली, जाणकारांना विचारले, कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पावडर खरी आहे. जगात ती पन्नास-साठ वर्षे वापरात आहे आणि काही ठिकाणी तिने मोठी कामे केली आहेत. मात्र 'मोटरचा भार निम्म्यावर' हे आपल्या बाबतीत खरे नाही. ते का नाही, हे बघू गेले तर आपल्या पाइपलाइनीबद्दलच पुष्कळ उमगते. म्हणून हा लेख.

पाण्याचे दोन स्वभाव

शेतातल्या सपाट सरीत पाणी कसे सरकते ते आपण रोज बघतो. काडी टाकली तर ती सरळ, शांतपणे जाते. तेच पाणी बंधाऱ्याच्या सांडव्याखाली बघा. भोवरे, उसळ्या, खळखळ. काडी पुढे जाते तशी मागेही येते, गरगर फिरते. पाणी तेच, पण स्वभाव दोन. पहिल्याला शांत प्रवाह म्हणू, दुसऱ्याला खळबळता प्रवाह.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्रज प्राध्यापकाने १८८३ साली मँचेस्टर येथे काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार घातली. पाणी हळू असताना रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढवत नेला तसा एका ठिकाणी तो दोरा विस्कटला आणि रंग सगळ्या नळीभर पसरला. वेग, नळीचा व्यास आणि पाण्याचा घट्टपणा यांचा मेळ घालून त्याने एक आकडा काढला. तो साधारण दोन हजारांच्या आत असला तर प्रवाह शांत, बराच वर गेला तर खळबळता. आपल्या सहा इंची पाइपात सेकंदाला वीस लिटर पाणी जात असेल तर हा आकडा दोन लाखांच्या घरात जातो. तेव्हा आपल्या उपसा पाइपात शांत असे काही नाही. बाहेरून पाइप गप्प दिसतो, आत सांडवा चालू असतो.

याउलट कारखान्यातल्या मोलॅसिसच्या पाइपात हा आकडा शंभराच्याही खाली असतो. मोलॅसिस जड चालते ते भोवऱ्यांमुळे नव्हे, ते मुळातच घट्ट म्हणून. त्याला ऊब देऊन पातळ करणे हाच उपाय. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे कामाला येईल.

खळबळत्या प्रवाहात ताकद कुठे जाते? गळीत हंगामात कारखान्याच्या अड्ड्यातली बैलगाड्यांची रांग आठवा. सगळ्यांनी रांग धरली तर गव्हाणीपर्यंत गाड्या सुरळीत जातात. पण चार गाडीवानांनी मध्येच आडव्या गाड्या घातल्या, की बैल तेवढेच दमतात, आरडाओरडा होतो आणि रांग पुढे सरकत नाही. पाइपातल्या पाण्याचेही तसेच. पुढे जायचे सोडून ते आडवे-तिडवे फिरते, आणि या आडव्या फिरण्याला लागणारी ताकद मोटर पुरवते. शेवटी त्या ताकदीचे काय होते? पाणी अगदी किंचित कोमट होते. बस्स, एवढेच.

१९४८ सालचा शोध

१९४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये बी. ए. टॉम्स नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच प्रश्नामागे होता. लांब साखळीचे रेणू असलेला एक प्लॅस्टिकचा पदार्थ द्रावणात विरघळवून तो नळीतून जोराने नेला तर साखळ्या किती तुटतात, हे त्याला मोजायचे होते. मोजता मोजता त्याच्या ध्यानात आले, की दाब तेवढाच ठेवला तरी नुसत्या द्रावकापेक्षा हे द्रावण नळीतून जास्त जाते. शिकलेल्या माणसाला हे उलटेच वाटणार. पाण्यात काही चिकट घातले तर ते जड चालायला हवे. हे तर हलके चालले! १९४८ साली नेदरलँड्समधील शेवेनिंगेन येथे भरलेल्या परिषदेत त्याने हे मांडले. आजही शास्त्रज्ञ याला टॉम्सचा परिणाम म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मायसेल्स नावाच्या शास्त्रज्ञालाही असेच काहीसे आढळले होते. पेट्रोलमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा साबण घालून ते घट्ट केले तर ते पाइपातून कमी दाबाने जाते, हे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिले आणि १९४९ साली पेटंटही घेतले. पण नाव लागले टॉम्सचे. शोधांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते.

आता प्रमाण बघा. दहा लाख भाग पाण्यात पाच ते वीस भाग पदार्थ, एवढ्याने काम होते. दहा भाग धरले तर एक लाख लिटर पाण्याला, म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरना, फक्त एक किलो. एवढ्याशा पदार्थाने घर्षण निम्म्यावर येते, आणि योग्य परिस्थितीत ऐंशी टक्क्यांपर्यंतही घटते. त्यापुढे मात्र कितीही घाला, कोणताही पॉलिमर घाला, जास्त फायदा मिळत नाही. ही हद्द अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील प्रीतिंदर विर्क यांनी दाखवून दिली. १९७५ साली त्यांनी या विषयावर लिहिलेला विस्तृत लेख आजही जाणकार काढून वाचतात.

हे घडते कसे? या पदार्थाचा एकेक रेणू म्हणजे लाखभर कड्यांची साखळी असते. शांत पाण्यात ती दोऱ्याच्या गुंडाळीसारखी गोळा होऊन पडलेली असते. पाइपाच्या अंगालगत जिथे भोवरे जन्माला येतात तिथे पाण्याच्या ओढीने ती गुंडाळी उलगडते, ताणली जाते आणि ताणलेल्या रबरासारखी त्या भोवऱ्याला आवर घालते. अड्ड्यातल्या आडव्या गाड्यांना कासरा लावावा तसे. भोवरे कमी उठले की पाणी पुढे जाण्यात जास्त ताकद लावते. आवर नेमका कशाने बसतो यावर मात्र पंडितांत वाद आहे. लम्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ साली म्हटले, की ताणलेल्या साखळ्यांमुळे भोवऱ्यांच्या जागी पाणी तेवढ्यापुरते घट्ट होते. पुढे १९९१ साली नोबेल मिळवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांनी १९८६ च्या सुमारास सांगितले, की घट्टपणा नव्हे, साखळ्यांचा लवचीकपणा महत्त्वाचा. आपल्याला या वादात पडायचे कारण नाही. आपल्याला दोन गोष्टी पुरेत. प्रवाह खळबळता असेल तरच याचा उपयोग आहे, म्हणून मोलॅसिसमध्ये ही पावडर टाकून काही साधणार नाही. आणि साखळी लांब असेल तोवरच उपयोग आहे. तुटली की पावडर वाया.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. पंपाच्या पंख्यात पाणी असे काही घुसळले जाते, की लांब साखळ्यांचे तुकडे होतात. म्हणून पावडर पंपाच्या अलीकडे, जॅकवेलमध्ये टाकून चालत नाही. ती विरघळवून पंपाच्या पुढे, डिलिव्हरीच्या बाजूला, दाबाविरुद्ध आत सोडावी लागते. 'नदीत पुडी सोडा, मोटर हलकी होईल' असे कुणी सांगू लागला तर त्याला निरोप द्यावा.

जिथे हे खरोखर चालते

अमेरिकेच्या अगदी उत्तरेला अलास्कात प्रुडो बे येथून वाल्डीझ बंदरापर्यंत कच्च्या तेलाची पाइपलाइन आहे. लांबी सुमारे १२९० किलोमीटर, व्यास ४८ इंच, म्हणजे उभा माणूस वाकून आत चालेल एवढा. १९७७ साली ती सुरू झाली. वाटेत बारा पंपिंग स्टेशने आखलेली होती. ती सगळी चालू झाली नसताना तेल मात्र जास्त वाहायचे होते. १ जुलै १९७९ पासून त्या तेलात, तेलात विरघळणारा असाच एक लांब साखळीचा पदार्थ पंपिंग स्टेशनांच्या पुढे सोडायला सुरुवात झाली. पाइप तोच, पंप तेच, तेल जास्त जाऊ लागले. आखणीतले अकरा नंबरचे स्टेशन तर पुढे कधी बांधलेच गेले नाही. जगभर तेलाच्या लांब लाइनींत आज हा प्रकार नित्याचा झाला आहे. प्रत्येक पंपापुढे नवा डोस द्यावा लागतो, कारण आधीच्या साखळ्या पंपाने तोडलेल्या असतात. तरी ते परवडते. एक तर माल तेल आहे, त्याला भाव आहे. दुसरे असे, की बर्फाळ रानात एक पंपिंग स्टेशन उभारायचे आणि चालवायचे म्हणजे अफाट खर्च. त्यापुढे पावडरीचे पैसे किरकोळ.

न्यूयॉर्कच्या आगीच्या बंबवाल्यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हीच युक्ती पाण्यात वापरली. अडीच इंची होजपाइप पाण्याने भरला की दोन-तीन माणसांना तो जिन्यावरून ओढणे जिकिरीचे होते. पाण्यात पॉलिएथिलीन ऑक्साइड सोडल्यावर पावणेदोन इंची होजपाइपातूनही जवळपास तेवढेच पाणी मिळू लागले आणि माणसे चपळाईने वर चढू लागली. इथे वीज वाचवायचा प्रश्नच नव्हता. आग विझेपर्यंतच्या तासाभरासाठी पावडरीचा खर्च कोण मोजतो? इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे अतिवृष्टीच्या वेळी गटारे तुंबून वर येऊ नयेत म्हणून त्यांत असाच पदार्थ सोडून बघितला गेला. तिथेही काम थोड्या वेळाचे आणि नुकसान मोठे टळणारे.

माशांच्या अंगावरचा चिकटा घेऊनही शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत, आणि काही माशांचा चिकटा पाण्याचे घर्षण चांगलेच कमी करतो असे १९७१ साली प्रसिद्ध झाले. हातातून मासा का निसटतो हे कोळ्याला विचारायची गरज नाही. पाण्यात तो वेगाने कसा निसटतो यात त्या चिकट्याचा किती वाटा, हे कोडे मात्र खरे गमतीचे आहे.

भेंडी, गवार आणि आपला क्लॅरिफायर

हे सगळे विलायती वाटेल, पण लांब साखळीच्या पदार्थांशी आपली जुनी सोयरीक आहे. गुऱ्हाळात गुळव्या भेंडीची झाडे ठेचून पाण्यात भिजवतो आणि तो चिकट रस काहिलीतल्या उकळत्या रसात घालतो. लगेच मळी गोळा होऊन वर येते, ती झाऱ्याने काढली की रस स्वच्छ. भेंडीचा तो चीक म्हणजे लांब साखळ्यांचाच पदार्थ. साखळ्या रसातली घाण पकडून बांधतात. पाइपातले घर्षण कमी करण्यासाठी भेंडीच्या चिकाची परीक्षाही अलीकडच्या काळात घेतली गेली आणि त्यात तो उतरला.

गवारीचेही तेच. आपण गवारीची भाजी करतो; राजस्थानात गवार पिकते ती मुख्यतः बियांसाठी. त्या बियांच्या डिंकाची पूड पाण्याचे घर्षण कमी करते आणि घट्टपणाही आणते. अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढणाऱ्या कंपन्यांनी ती एवढी उचलली, की २०११-१२ साली गवारीचे भाव आभाळाला भिडले आणि मार्च २०१२ मध्ये सरकारी नियंत्रकाला गवारीचे वायदे बंद ठेवावे लागले. टेक्सासात विहीर खोदली जाते आणि जोधपूरच्या बाजारात खळबळ होते, असा हा जमाना. (उसाच्या भावाचे असे कधी व्हायचे, हे आम्हाला विचारू नये.)

खरगपूरच्या आय. आय. टी.त प्रा. आर. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात बरेच काम केले. गवारीच्या डिंकाची साखळी पंपात लवकर तुटत नाही, पण ती कुजते. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड हा कारखान्यात बनणारा पदार्थ कुजत नाही, पण तुटतो. आंब्याला कलम बांधावे तसे त्यांनी एकावर दुसऱ्याचे कलम बांधून दोहोंचे गुण एकत्र आणायचा प्रयत्न केला, आणि तुषार सिंचनात त्याचा उपयोग किती होतो हेही तपासले. १९९५ साली त्यांनी शेतीतल्या वापराबद्दल लेख प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या सभासदांच्या मनात आलेला प्रश्न काही अडाणी प्रश्न नव्हता.

याच पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा भाऊबंद आपल्या कारखान्यात आधीपासून आहे. चुना आणि गंधकाची प्रक्रिया झालेला रस क्लॅरिफायरमध्ये जातो तेव्हा त्यात दहा लाखाला दोन-चार भाग एवढाच फ्लॉक्युलंट सोडतात. त्याने गाळ लवकर खाली बसतो. बॉयलिंग हाऊसमध्ये ज्यांनी पाळी केली आहे त्यांना ठाऊक असेल, की फ्लॉक्युलंटचे द्रावण टाकीत अगदी संथ फिरणाऱ्या पात्याने तास-दोन तास ढवळतात. घाईने ढवळले किंवा जोराच्या पंपाने ओढले तर ते 'मरते', असे आपले जुने कामगार म्हणतात. मरणे म्हणजे काय, ते वर आलेच आहे. साखळ्या तुटणे. शास्त्रज्ञाने जे नळीत मोजले ते आपल्या कामगाराने टाकीपाशी उभे राहून ओळखले. बेसन एकदम पाण्यात ओतले की गुठळ्या होतात तशा या पावडरीच्याही होतात, म्हणून ती भुरभुरतच घालायची. आणि सांडलेली पावडर ओली झाली की जमिनीवर पाय ठरत नाही, हेही ज्याने अनुभवले तो विसरत नाही.

आता आपला हिशेब

एक योजना धरू. नदीपासून शेतापर्यंत १५०० मीटर लांब सहा इंची, म्हणजे १५० मि.मी. आतील व्यासाचा पी.व्ही.सी. पाइप. पाणी सेकंदाला २० लिटर. उभा चढ ४० मीटर. पाइप चांगला गुळगुळीत असेल तर घर्षणात सुमारे ११ मीटर हेड जातो. म्हणजे पंपाला ५१ मीटरचा भार. पंप-मोटर मिळून साठ टक्के कार्यक्षम धरले तर सुमारे १७ किलोवॅट, म्हणजे बावीस-तेवीस अश्वशक्ती. (२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. गट योजनांचे एवढे मोठे पंप त्यात बसत नाहीत. वीज फुकट मिळाली तरी पाणी कमी मिळण्याचे दुःख राहतेच.)

समजा पावडरीने घर्षण निम्मे केले. ११ मीटरचे साडेपाच झाले. पण ४० मीटर चढ कोणतीही पावडर कमी करू शकत नाही. डोंगर काही निसरडा होत नाही. एकूण भार ५१ वरून साडेपंचेचाळीस, म्हणजे शंभरात अकरा. 'निम्मा' हा शब्द घर्षणाला लागू आहे, तो मोटरला लावून सांगितला जातो. गफलत होते ती इथे.

वाचलेली वीज सुमारे १.८ किलोवॅट. आठ तास पंप चालला तर चौदा युनिट. आणि पावडर किती लागली? तासाला ७२ हजार लिटर पाणी, लाख लिटरला एक किलो, म्हणजे तासाला ७२० ग्रॅम. आठ तासांत पावणेसहा किलो. एक किलो पावडर खर्चून अडीच युनिट वाचले. पावडर पन्नास रुपये किलोने मिळाली असे स्वस्तात धरले, तरी वाचलेले प्रत्येक युनिट वीस रुपयांना पडले. आता बोला!

अलास्कात जे परवडते ते इथे का परवडत नाही, हे यात आले. तेल शेकडो मैल जाते आणि सगळा खर्च मुख्यतः घर्षणाचाच असतो. आपल्याकडे लाइन लहान आणि चढ मोठा. शिवाय आपले पाणी एकदा शेतात गेले की पावडरही त्याच्याबरोबर गेली. तेच पाणी फिरून फिरून वापरायच्या यंत्रणेत, उदाहरणार्थ डेन्मार्क-जपानमधल्या इमारती गरम-थंड करणाऱ्या लाइनींत, साबणाच्या जातीचे पदार्थ वापरून बघितले आहेत. ते पंपात विस्कटले तरी पुढे आपोआप पुन्हा जुळतात. आपल्याला ती सोय नाही.

पावडर टाकल्याबरोबर मीटर हळू फिरू लागेल असेही समजू नये. घर्षण घटले की तोच पंप जास्त पाणी फेकू लागतो आणि मोटरवरचा भार थोडा वाढूही शकतो. फायदा होतो तो पाणी लवकर पुरे होण्यात. पंप कमी तास चालवला तर तो बिलात दिसतो, नाही तर नुसता पाटात दिसतो.

ठिबकच्या लाइनीत तर असला पदार्थ प्रयोग म्हणूनही सोडू नये. बारीक ड्रिपरमध्ये चिकटा आणि गाळ एकत्र बसला तर ती साफ करण्याचा त्रास विजेच्या बचतीपेक्षा भारी पडेल. शिवाय गवार-भेंडीसारख्या नैसर्गिक डिंकावर शेवाळ नि जंतू पोसतात ते वेगळेच.

मात्र एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. अमेरिकेत आयडाहो राज्यात किंबर्ली येथील सरकारी संशोधन केंद्राने १९९० नंतरच्या दशकात सरीच्या पाण्यात लाखाला एक या प्रमाणातच पॉलिअ‍ॅक्रिलामाइड सोडले. हेतू घर्षणाचा नव्हता, माती धुपू नये हा होता. मातीचे कण एकमेकांना धरून राहिले, सरीच्या तोंडाशी जाणारा गाळ खूपच कमी झाला, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी ही पद्धत उचलली. ते फक्त पाणी सरीत पहिल्यांदा पुढे सरकत असताना सोडतात, सबंध पाळीभर नव्हे, म्हणून खर्च आवाक्यात राहतो. उताराच्या रानात ज्यांची माती दर पाळीला वाहून जाते त्यांनी याची चौकशी करावयास हरकत नाही. घेताना शुद्ध प्रतीचेच घ्यावे, कारण हा पदार्थ ज्यापासून बनतो ते अ‍ॅक्रिलामाइड विषारी असून त्याचा शिल्लक अंश अत्यल्प असावा लागतो.

मग पाइपातल्या झगड्यावर आपल्याला इलाज नाही काय? आहे, आणि तो पावडरीपेक्षा जबर आहे. घर्षण हे व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते, असे इंजिनिअर लोक सांगतात. म्हणजे वरच्याच योजनेत सहाऐवजी आठ इंची पाइप टाकला तर ११ मीटरचे घर्षण पाव हिश्श्यावर, जेमतेम अडीच-पावणेतीन मीटरवर येते. पावडरीने साडेपाच मीटर वाचत होते, इथे सव्वाआठ वाचले. तेही रोज काही न टाकता, पाइप आहे तोवर. दिवसाला आठ तास नि वर्षाला दोनशे दिवस धरले तर चार हजारांवर युनिट. तेवढ्याच दिवसांना पावडर लागली असती साडेअकरा क्विंटल.

हे लिहिण्याचे कारण असे, की पाइप बदलायची वेळ आली की गटाच्या बैठकीत नेहमी एकच प्रश्न निघतो: 'सहा इंचीत भागतंय की, आठ इंचीचा जादा पैसा कशाला?' जादा पैसा पहिल्या दिवशी दिसतो, घर्षण कधीच दिसत नाही. म्हणून कोटेशन मागवताना दोन्ही व्यासांची मागवावीत आणि पाइपाच्या किमतीतल्या फरकाशेजारी दहा वर्षांच्या विजेचा फरकही लिहून बैठकीसमोर ठेवावा. मग जो निर्णय होईल तो गटाने करावा. लाइन तीनचारशे मीटरचीच असेल तर सहा इंचीही पुरेल. आम्ही सरसकट आठ इंचीचा आग्रह धरीत नाही.

पाइप बदलायचा नसेल त्यांनीही जुन्या लाइनीत घर्षण किती जाते हे एकदा मोजून घ्यावे. काम सोपे आहे. पंपाच्या पुढे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पलीकडे, पाइपावर एक प्रेशर गेज बसवा. पंप चालू असताना काटा वाचा. मग पंप बंद करा, लाइन भरलेली असतानाच काटा पुन्हा वाचा. पाणी थांबलेले असताना काटा दाखवतो तो नुसता चढ. दोन्हींतला फरक म्हणजे घर्षण. काट्यावरचा एक किलो म्हणजे दहा मीटर. लोखंडी जुनी लाइन असेल, आत गंज-कीट बसले असेल, वाटेत नको तेवढे बेंड असतील, तर हा फरक हिशेबापेक्षा बराच मोठा निघेल.

गेज नसेल तर शेतकी ऑफिसात मागावा. येताना लाइनीची लांबी, पाइपाचा आतील व्यास, आणि ठरावीक मापाची टाकी किंवा हौद भरायला लागलेली मिनिटे एवढे लिहून आणावे. घर्षण किती जाते आणि व्यास वाढवला तर वर्षाला किती युनिट वाचतील, याचा आकडा तिथेच काढून मिळेल.